सिल्लेवानी घाट, जुनी मोटरसायकल आणि आम्ही दोघं

नागपूरहून तामियाला जाणारे बहुतेक लोक कारनं जातात. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणापर्यंत पोचता येतं, संध्याकाळी दरीवरचा सूर्यास्त बघायचा आणि दुसऱ्या दिवशी घरी. आम्हाला नुसतं पोचायलाच दोन दिवस लागले. वाटेत गाडी मोडली, एका अनोळखी घरात जेवलो, आणि परतताना घाटात माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. तरीही कोणी विचारलं तर मी सांगेन, जा. आणि घाई करू नका.

आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा मिलिंद. दीड वर्षापूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीव वाचला, हळूहळू काठी घेऊन चालायला लागला, पण उजव्या हाताची पकड परत आली नाही, आणि बोलणं एकेका शब्दावर आलं. समजायचं सगळं. हवा तो शब्द मात्र दाराशी येऊन अडायचा, आणि वाक्य जुळवता जुळवता त्याच्या कपाळावर घाम यायचा.

मोटरसायकलचे दोन्ही ब्रेक उजवीकडे असतात. पुढचा उजव्या हातात, मागचा उजव्या पायात. किकसुद्धा उजव्या पायानंच मारायची. इतकी वर्षं मागच्या सीटवर बसूनही ही गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती. मिलिंदच्या मात्र दवाखान्यातच आली असावी. पलंगावर पडल्या पडल्या तो उजवं पाऊल खाली दाबायचा प्रयत्न करायचा, आणि मला वाटायचं व्यायाम करतोय.

बोलण्याचा सराव घ्यायला एक ताई घरी यायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "काका, कुठं जावंसं वाटतं?"

मिलिंदनं बराच वेळ घेतला. मग म्हणाला, "तामिया."

"अरे वा. कशानं जायचं?"

"गाडी."

ताईंना वाटलं कार. मला कळलं होतं. लग्नानंतर जवळजवळ दर हिवाळ्यात आम्ही त्याच्या लाल मोटरसायकलवरून तामियाला गेलो होतो. ती आता खाली जिन्याजवळ धूळ खात उभी होती.

नागपूर

मला स्कूटर येत होती, गिअरची गाडी नाही. ती मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी, नारी रोडकडच्या नव्या लेआउटमधल्या रिकाम्या रस्त्यांवर शिकले. मिलिंद कुणाच्या तरी कट्ट्यावर बसून बघायचा. गाडी बंद पडली की डोळे मिटून घ्यायचा. त्याचा राग यायचा आणि हसूही.

पुण्यातल्या आमच्या मुलीला, प्राजक्ताला, हे कळलं तेव्हा ती फोनवर ओरडली. एरवी ती आता तिकडच्यासारखं शुद्ध बोलते, पण चिडली की नागपूर बाहेर येतं. "आई, तुले काही समजून राहिलं का? बाबाले मागं बसवून घाट चढशील? कार काहून नाही करत?"

"डॉक्टरांनी हो म्हटलं आहे. हळू जा म्हणाले."

"डॉक्टरांनी ती गाडी पाहिली आहे का?"

हा प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही आधी गाडी इंदोऱ्यातल्या विलास मिस्त्रीकडे नेली. विलास मिलिंदला कॉलेजपासून ओळखतो. गाडी पाहण्याआधी त्यानं मिलिंदला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि कप आपणहून त्याच्या डाव्या हातात दिला. मग मागच्या टायरशी उकिडवा बसून त्यात नख रुतवायचा प्रयत्न केला.

"ताई, हे पहा. नक्षी दिसून राहिली, पण रबर मेलं आहे. उभ्या गाडीचा टायर असाच होते. बाजूच्या चिरा पहा. ह्याच्यावर तुम्ही घाटात जाल तर मले झोप नाही येणार."

मग दोन्ही टायर बदलले, ट्यूबही नव्या. मागच्या ब्रेकचे लायनर झिजून कागदासारखे झाले होते, तेही बदलले. पुढच्या ब्रेकबद्दल विलास म्हणाला की याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचं चाक आणि शॉकअप मिळालं तर डिस्क ब्रेक बसवता येईल. "ताईच्या हातात ताकद कमी, आन् मागं माणूस बसलेला. जुन्या केबलवर भरोसा नोको." मी मिलिंदकडे पाहिलं. आपल्या गाडीचं पुढचं चाक दुसऱ्या गाडीचं होणार हे त्याला रुचेल का, अशी मला शंका होती. पण त्यानं लगेच मान हलवली.

आठवडाभरानं चाक मिळालं. विलासनं मागच्या सीटला पाठीशी टेकू आणि डाव्या बाजूला धरायला दांडा बसवला. अडलं ते सायलेन्सरपाशी. खालून तो गंजून चाळणी झाला होता, आणि तसा नवा आता कुठंच मिळेना. दुसऱ्या गाडीचा लावून पाहिला तर तो पायदानाला घासायचा. शेवटी विलासनं जुन्यालाच पत्रा लावून वेल्डिंग केलं. "हे टिकन," तो म्हणाला, "पण कुठवर टिकन ते मी नाही सांगत."

निघताना त्यानं मला बजावलं, "ताई, पुढचा ब्रेक दोन बोटांनी दाबायचा. भ्यायचं नाही."

मी हो म्हटलं आणि भीत राहिले. पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, हे मला लहानपणी सायकल शिकताना कोणीतरी सांगितलं होतं. ते डोक्यातून जात नव्हतं.

घाट चढताना

संक्रांत होऊन गेली होती. सकाळच्या उन्हात आम्ही निघालो तेव्हा थंडी बोटांत शिरत होती. सावनेरपर्यंत कोळशाचे ट्रक, त्यांच्या मागे काळा धुरळा. पुढे कापूस वेचून झालेली शेतं, आणि मध्य प्रदेशात शिरलं की सौसरच्या आसपास संत्र्याच्या बागा. आरशात मला फक्त मिलिंदचं हेल्मेट दिसायचं, आणि ते सारखं इकडून तिकडे वळत होतं. दीड वर्ष ज्यानं खोलीचं छत आणि गॅलरीचा कठडा पाहिला, तो आता एकेक झाड बघून घेत होता.

सौसरला पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री ओततात, नाकातून पाणी यायला हवं. इथं पोह्यांवर शेव आणि बाजूला जिलबी. तर्री मागितली तर दुकानदार म्हणाला, "नागपूरचे आहा का जी?" मी घरून आणलेली सांबारवडी काढली आणि त्यालाही दिली. कोथिंबिरीच्या त्या खमंग वडीवर त्यानं आम्हाला दुसरा चहा पाजला.

सिल्लेवानी घाट तसा मोठा नाही. सागाचं जंगल, वळणं, कठड्यांवर बसलेली माकडं. मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढत होते आणि स्वतःवर खूश होते. घाटमाथा जवळ आला तेवढ्यात फाटकन आवाज झाला आणि गाडी ट्रॅक्टरसारखी गरजायला लागली. माकडं पळाली. मी थांबून पाहिलं. सायलेन्सर वेल्डिंगच्या जागी तुटून लोंबत होता, जमिनीपासून वीतभर वर.

त्या आवाजानंच आम्हाला मदत मिळाली. पुढच्या वळणावर एक चहाची टपरी होती. तिथून एक माणूस चालत खाली आला. धनसिंग त्याचं नाव. टपरी त्याची आणि त्याच्या बायकोची, सुकवतीची. ट्रकवाल्यांचं पंक्चरही तोच काढायचा. त्यानं सायलेन्सरकडे पाहिलं, मग मिलिंदच्या काठीकडे, आणि काही न विचारता गाडी टपरीपर्यंत ढकलत नेली. मी मिलिंदचा हात धरून मागून गेले.

सुकवतीनं आधी पाणी दिलं. कुठून आलात, कुठं चाललात, हे सगळं नंतर. आमच्याकडे उलटं असतं. आधी चौकशी, मग चहा. तिला मराठी येत होती, तिचं माहेर सौसरकडचं. "बसा बाई. सायलेन्सर आता तापून राहिला. थंडा होईपर्यंत काही होत नाही. तोवर जेवून घ्या."

"आम्ही पोहे खाऊन निघालोय."

"पोहे काय जेवण असते?"

मक्याची जाड भाकर, चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा आणि लसणाची चटणी. मिलिंदला डाव्या हातानं भाकर तोडायला वेळ लागतो. घरी पाहुणे असले की तो जेवतच नाही, नंतर खातो. मी तुकडे करून द्यायला हात पुढे केला, तर सुकवतीनं आधीच भाकर भरितात कुस्करून त्याच्यापुढे ठेवली होती, आणि तशीच एक स्वतःच्या नवऱ्यापुढेही. धनसिंगही कुस्करलेलीच भाकर खायला लागला. मिलिंदनं पाहिलं, आणि भरपेट जेवला. मी चटणीचं निमित्त करून डोळे पुसले.

जेवणानंतर धनसिंगनं तेलाचा रिकामा डबा कापून त्याचा पत्रा केला. तो तुटलेल्या जागेवर गुंडाळायचा आणि तारेनं आवळायचा, असा बेत. तार आवळताना पाईप कोणीतरी जागेवर धरायला हवा होता. मी वाकले, पण मिलिंद म्हणाला, "मी."

तो जमिनीवर बसला. बसताना मला त्याला आधार द्यावा लागला. डाव्या हातानं त्यानं पाईप धरला, आणि धनसिंग तार पिळत राहिला. "थोडा ऊपर, भैया. बस. पकडे रहो." मिलिंदनं पकडून ठेवलं. पत्र्याची कड बोटांत रुतली तरी सोडलं नाही.

निघताना मी काही द्यायला गेले, तर सुकवती म्हणाली, "वापस येताना चहा प्यायला थांबा म्हणजे झालं." त्या रात्री आम्ही छिंदवाड्याला मुक्काम केला. सकाळी तिथल्या वेल्डरनं पाईप नीट जोडून दिला. धनसिंगचा पत्रा त्याला काढवेना इतका घट्ट बसला होता. शेवटी त्यानं त्याच्यावरूनच वेल्डिंग मारलं.

तामिया

तामियाला दुपारी पोचलो. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: गाव साधं आहे. दुकानं, शाळा, बसस्टॉप. आणि मग रस्ता संपतो तिथं जमीनच संपते. खाली दरी, पलीकडे सातपुड्याच्या रांगा, एकीमागे एक, शेवटची आकाशात विरलेली. सकाळी दरी धुक्यानं भरते आणि डोंगरांची टोकं तेवढी वर राहतात.

मिलिंद कठड्याशी बसला तो उठेचना. मीही शेजारी बसले. आधी यायचो तेव्हा तो सारखा बोलायचा, ते बघ, तिकडे पचमढी, इकडे पाताळकोट. आता बोलत नव्हता आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. तो जिवंत माझ्या शेजारी बसला होता. आणखी काय हवं?

दुसऱ्या दिवशी पाताळकोटच्या कड्यावर गेलो. तिथं वाटेच्या कडेला एक म्हातारेबाबा जडीबुटी मांडून बसले होते. मुळ्या, साली, चारोळी, बाटल्यांत तेल. मिलिंदचा हात पाहून त्यांनी बोलावलं. मला वाटलं, आता बरं करण्याचा सौदा सुरू होणार. मी घाईनं म्हटलं, "बाबा, इलाज चल रहा है."

"चलने दो," ते म्हणाले. "मेरे तेल से हाथ ठीक नहीं होगा, बेटी. पर ठंड में दुखता होगा न?"

दुखत होता. मिलिंदनं मला कधी सांगितलं नव्हतं. बाबांनी विचारलं तेव्हा त्यानं मान हलवली, आणि मला तिथं पहिल्यांदा कळलं की थंडीत त्याची बोटं ठणकतात. बाबांनी तेल तळहातावर घेतलं आणि एकेक बोट चोळत बसले. गिऱ्हाईक आलं तर त्याला थांबायला सांगितलं. चोळता चोळता मला दाखवत होते, असं वरून खाली नाही, खालून वर. मी शिकून घेतलं. तेव्हापासून रोज रात्री करते.

घाट उतरताना

परतीच्या दिवशी आम्ही ठरल्याप्रमाणे सुकवतीकडे थांबलो, चहा प्यायलो. धनसिंगनं आपला पत्रा वेल्डिंगखाली अजून आहे हे वाकून पाहिलं आणि हसला. मग आम्ही उतरायला लागलो.

चढणं सोपं असतं हे मला उतरताना कळलं. पुढे मक्याच्या पोत्यांचा ट्रक होता, हळू चाललेला. त्याच्या मागे मी उजव्या पायानं मागचा ब्रेक दाबूनच ठेवला होता. पुढच्याला बोट लावायची हिंमत नव्हती. वळण, मग वळण. जळका वास यायला लागला. मला वाटलं, ट्रकचा असेल.

मग पायाखालचं पेडल हलकं झालं. दाबलं तर खाली गेलं, पार खाली, आणि गाडी तशीच पुढे. ट्रकचं मागचं फळकूट जवळ येत होतं. डावीकडे कठडा, त्याच्यापलीकडे झाडांचे शेंडे. मी पेडल पुन्हा पुन्हा मारलं. काही नाही. पाय जमिनीवर टेकवावा असा वेडा विचार मनात आला.

माझ्या डाव्या खांद्यावर थाप पडली. "दुसरा!"

मला कळेना. दुसरा काय?

"दुसरा! दुसरा!" इतका मोठा त्याचा आवाज मी दीड वर्षात ऐकला नव्हता.

हाताला आधी कळलं, मला नंतर. क्लच दाबला, गिअर खाली दुसऱ्यावर टाकला. इंजिन जोरात किंचाळलं आणि गाडीला कोणीतरी मागून धरल्यासारखं झालं.

"पुढचा," तो म्हणाला. "हळू. हळू."

दोन बोटं. मी श्वास रोखून दोन बोटांनी पुढचा ब्रेक ओढला. गाडी उलटली नाही. पुढचं चाक कडेच्या खडीवर गेलं, नव्या टायरनं खडी पकडली, आणि आम्ही कठड्याच्या अलीकडे उभे राहिलो. ट्रक पुढच्या वळणावर दिसेनासा झाला. त्याला काही कळलंच नाही.

स्टँड तिसऱ्या खेपेला लागला. सारखा दाबून ठेवलेला मागचा ब्रेक तापून निकामी झाला होता, चाकातून धूर येत होता. मी पाण्याची बाटली काढून ओतायला गेले तर मिलिंद म्हणाला, "नाही!" आणि बाटली माझ्या हातातून घेऊन मलाच प्यायला दिली. तापलेल्या ब्रेकच्या ड्रमवर गार पाणी पडलं की तो तडकतो, हे मला विलासनं नंतर सांगितलं.

आम्ही कठड्यावर बसलो. मी त्याचा हात धरला होता की त्यानं माझा, सांगता येत नाही. प्राजक्ताचा चेहरा डोळ्यासमोर येत होता. काही वाईट झालं असतं तर तिला कोणी कळवलं असतं, असले विचार. मग ते गेले आणि उरलं ते एवढंच की हवा गार आहे, सागाची पानं वाजत आहेत, आणि आम्ही दोघं आहोत. मी कुणाकुणाचे आभार मानले ते सांगत बसत नाही. विलासपासून सुरुवात केली.

ड्रम निवल्यावर मिलिंद मागच्या चाकाशी बसला. ब्रेकच्या सळीच्या टोकाला एक नट असतो, तो डाव्या हाताच्या बोटांनी फिरवायला लागला. मी मदतीला गेले नाही. एक आटा फिरवायचा, मला खूण करायचा, मी पेडल दाबून बघायची. पुन्हा एक आटा. पेडल जागेवर आलं तेव्हा त्याची बोटं ग्रीसनं काळी झाली होती. त्यानं ती विजारीला पुसली. घरी असं केलं की मी ओरडायची.

मग उरलेला घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. प्रत्येक वळणाआधी खांद्यावर हात. "पुढचा." "सोड." "आता मागचा." "सोड." एकदा समोरून बस आली तेव्हा नुसताच हात घट्ट झाला आणि मी आपणहून कडेला घेतली. "हं," तो म्हणाला. ती शाबासकी होती.

घाट संपल्यावर रामाकोना गावाच्या अलीकडे एक बाई रस्त्याकडेला संत्र्यांचा ढीग घेऊन बसली होती. आम्ही थांबलो. मी हेल्मेट काढलं तशी ती माझ्याकडे आणि मग मिलिंदकडे बघायला लागली.

"घाटातून आले का जी? गाडी कोण चालवून राहिलं, बाई?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण मिलिंदनं डावा हात वर केला. मला गप्प करायचं असलं की पूर्वी तो असाच करायचा. कपाळावर घाम नव्हता. शब्द एकेक करून आले, पण सगळे आले आणि आपापल्या जागी आले.

"घाट हिनं उतरवला. मी मागून सांगत होतो."

बाईला त्यात विशेष काय कळणार? ती म्हणाली, "बरं केलं," आणि एक संत्रं सोलून त्याच्या हातावर ठेवलं. मिलिंदनं दोन फोडी खाल्ल्या, तिसरी तोंडाशी नेली आणि थांबला. पुन्हा शब्द गोळा करायला लागला. मी थांबले, बाईही थांबली.

"हे," तो म्हणाला, "फार आंबट आहे."

"माह्या बागेतलं संत्रं आंबट?" बाई भडकली. "बावाजी, असं बोलाचं नाही." ढिगात हात घालून तिनं तळातलं एक मोठं संत्रं काढलं, फटाफट सोललं आणि त्याच्यापुढे धरलं. "हे खा. मंग बोला."

त्यानं एक फोड तोंडात टाकली आणि सावकाश चावायला लागला. मी गाडीला टेकून उभी राहिले. पुढचं वाक्य काय येतं ते मला ऐकायचं होतं.